बँक नाही म्हणाली, कॉलेज भरा म्हणालं, आता काय? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं फी, एज्युकेशन लोन आणि डिग्रीनंतरची नोकरी यावरच आहेत. जुलै-ऑगस्ट म्हटलं की हे होतंच. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी मराठवाड्यातल्या छोट्या ब्रँचेसमध्ये, म्हणजे काउंटरच्या आतल्या बाजूने हे सगळं बघितलंय आणि आतल्या बाजूने जे चुकतं तेही बघितलंय, कधीकधी स्वतःच्याच हातून. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पाच घेतली.

प्रश्न : काका रामराम. माझ्या मुलीचा कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. आम्ही ओबीसी, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् थोडी तूर. कॉलेजवाले एकूण १ लाख २२ हजार भरा म्हणतेत, होस्टेल-मेस वेगळं. बँकेत गेलो तर साहेब म्हणले तुमचं पीककर्ज थकलंय, मुलीचं लोन होणार नाही, तोंडावरच सांगितलं. कर्जमाफी होईल म्हणून आम्ही दोन वर्षं भरलं नव्हतं हे खरंय. आता गावातला प्लॉट विकावा का कुणाकडून व्याजानं घ्यावेत? (एक बाप, लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, प्लॉट राहू द्या आणि व्याजाने तर अजिबात घेऊ नका. आधी त्या १ लाख २२ हजारांतले तुम्हाला खरंच किती भरायचेत ते बघू, कारण मला शंका आहे की बरेचसे भरायचेच नाहीत.

८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा एक जीआर निघालाय. त्यानुसार व्यावसायिक कोर्सला, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बल) मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, पूर्वी निम्मी होती. अटी अशा की घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि अॅडमिशन कॅप राउंडमधून झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेजच्या लेव्हलवर नाही, आणि ते खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नको. पत्रावरून तरी तुमची मुलगी या सगळ्यात बसते. तुमच्याकडे कॉलेजने दिलेला फीचा कागद असेल त्यावर शिक्षण शुल्क, विकास शुल्क आणि बाकीचं असे वेगवेगळे आकडे असतील. शिक्षण शुल्क हाच सगळ्यात मोठा आकडा असतो आणि तोच माफ आहे, विकास शुल्क वगैरे मात्र तुम्हालाच भरावं लागेल. कागदावर नुसतं 'एकूण' लिहिलं असेल तर फोड मागून घ्या. प्रत्येक खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असते ती मुलीला काढून बघायला सांगा.

कॉलेज काय म्हणेल तेही सांगतो, 'आत्ता पूर्ण भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ.' हे फार कॉलेजं म्हणतात. सरकारच्या सूचना आहेत की पात्र मुलींकडून अॅडमिशनच्या वेळी ही फी घ्यायची नाही. भांडायला जाऊ नका, साधा अर्ज लिहा की मुलगी या जीआरखाली पात्र आहे, शिक्षण शुल्क मागू नये, अन्यथा तसं लेखी द्यावं, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्या. शिक्का मागितला की अर्ध्या वेळा आवाज खाली येतो हा माझा अनुभव आहे. नाहीच आला तर तंत्रशिक्षण सहसंचालकांचं विभागीय ऑफिस पुण्यातच आहे, तोच अर्ज तिथे द्या.

कागद लवकर जमवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, जात पडताळणी आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर. सेतूत या दिवसांत रांगा असतात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरताना एक गोष्ट मुलीला विचारा की तिचं आधार कुठल्या बँक खात्याला जोडलंय, कारण स्कॉलरशिपचे पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत तर आधारला शेवटचं जे खातं लिंक झालंय त्यात जातात. माझ्या ब्रँचमध्ये एक पोरगा वर्षभर चकरा मारत होता स्कॉलरशिप आली नाही म्हणून, शेवटी पैसे सापडले ते गावच्या शाळेत असताना काढलेल्या झिरो बॅलन्स खात्यात, ज्याचं पासबुक आजीच्या ट्रंकेत होतं.

आता लोन. होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, विकास शुल्क असं धरून वर्षाला नव्वद हजार ते लाखभर लागतील, म्हणजे चार वर्षांचे चार लाखांच्या आत बसवता येतील आणि तो आकडा महत्त्वाचा आहे. चार लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला बँकेने तारण मागायचं नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, जामीनदारही लागत नाही, आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात तेवढंच. होस्टेल-मेसचा खर्च लोनमध्ये धरता येतो, बरेच लोक फक्त फी दाखवतात आणि मग महिन्याला मेससाठी उसनवारी करत बसतात.

आणि ते साहेब तोंडावर नाही म्हणाले ना, त्यावर एक सांगतो. बँकांच्या संघटनेची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे तिच्यात लिहिलंय की अर्ज नाकारायचा तर वरच्या ऑफिसची संमती घ्यायची आणि कारण लेखी कळवायचं. म्हणजे ब्रँच मॅनेजर एकटा नाही म्हणूच शकत नाही. म्हणूनच तो तोंडी नाही म्हणतो. मी स्वतः म्हटलंय, खोटं कशाला बोलू. मार्च एंडला लंच टाइममध्ये एक गृहस्थ खताच्या दुकानाच्या पिशवीत कागद घेऊन उभे होते, मी डबा उघडलेला, आणि मी न बघताच म्हटलं तुमचं नाही होणार. ते 'बरं साहेब' म्हणून गेले. अर्जच दिला नाही तर नाकारलं असं कुठे दिसतच नाही, रजिस्टर स्वच्छ. त्या गृहस्थांनी पुढे कुठून पैसे उभे केले कुणास ठाऊक, मला त्यांचं नावही माहीत नाही पण ती पिशवी आठवते.

तर तुम्ही अर्ज द्या. विद्यालक्ष्मी पोर्टलवर ऑनलाइन भरा म्हणजे तारखेसकट नोंद राहते. थकलेल्या पीककर्जाचं मात्र तुम्हाला काहीतरी करावं लागेल, त्याला डोळेझाक करून चालणार नाही. कर्जमाफीची वाट बघण्यात तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो आणि वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत मिळणारी बिनव्याजी सवलतही हातची जाते, माफी मात्र येईल तेव्हा येईल. मॅनेजरला विचारा किती भरलं की खातं रेग्युलर होईल, नवंजुनं करता येईल का. ते जमतच नसेल तर मुलीचा मामा किंवा काका, ज्याचा सिबिल बरा आहे, तो सहकर्जदार चालेल का हेही विचारा, बऱ्याच ठिकाणी चालतं. तरीही नाही म्हणाले तर लेखी मागा. तक्रार बँकेच्या वरच्या ऑफिसला करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (लोकपालाकडे) ऑनलाइन फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही.

अजून एक, तुमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणार. मग कोर्स चालू असताना आणि पुढचं एक वर्ष जे व्याज लागतं ते केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे, कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन लागतं. लोन घेतानाच अर्ज द्या. आणि पतसंस्थेकडून लोन घेतलं तर यातलं काहीच मिळणार नाही.

प्रश्न : सर मी मेकॅनिकल इंजिनिअर, २०२३ पास. चाकणला कॉन्ट्रॅक्टरकडून एका कंपनीत लागलोय, हातात १६ हजार. चार लाखांचं लोन होतं, दर १० टक्के, दरवर्षी लाखभर उचललं. आता बँक म्हणते ५ लाख ४० हजार झालेत आणि ईएमआय ७,१३६. घेतले चार आणि झाले साडेपाच, हे कसं काय? रूम आणि मेसमध्ये साडेसहा हजार जातात. दोन हप्ते चुकलेत आणि बाबांना फोन येतायत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : बँकेने तुला फसवलेलं नाही, हिशोब बघ. पहिल्या वर्षीच्या लाखावर चार वर्षं कोर्सची आणि एक वर्ष सवलतीचं अशी पाच वर्षांचं व्याज, म्हणजे ५० हजार. दुसऱ्या लाखावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. झाले १ लाख ४० हजार. हे सरळ व्याज आहे, पण ते मुद्दलात मिळवलं आणि मग ५ लाख ४० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता बसवला. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला फक्त ८३३ रुपये होतं आणि तेव्हाच भरत गेला असतास तर आज हप्ता ५,२८६ असता. तुला आता सांगून उपयोग नाही, पण हे वाचणाऱ्या आईबापांनी ऐकावं. आणि हो, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होतं का? वरच्या पत्राच्या उत्तरात जी व्याजाची योजना सांगितलीय तिचा अर्ज झाला होता का हे बँकेत विचार, कित्येकदा तो कागद फाइलमध्येच राहिलेला असतो.

फोन उचल. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि तिथून पुढे बोलणं अवघड होतं, आणि सहकर्जदार म्हणून बाबांचाही सिबिल जातो. तू दोन हप्त्यांवर आहेस, म्हणजे अजून वेळ आहे. या आठवड्यात सॅलरी स्लिप घेऊन ब्रँचला जा आणि मुदत १५ वर्षं करून माग. हप्ता ५,८०० च्या आसपास येईल. एकूण भरायचे मात्र साधारण १ लाख ८८ हजार जास्त होतात, त्यामुळे पगार वाढला की जास्तीचे भरून मुदत कमी करायची. आदर्श योजनेत बेकारीच्या किंवा फार कमी पगाराच्या काळात हप्ता काही महिने थांबवायचीही सोय आहे, तीही विचार, स्वतःहून कोणी सांगणार नाही.

नोकरीचं म्हणशील तर एक काम आजच कर. पीएफचं पासबुक उघड आणि बघ तुझा मालक म्हणून कोणाचं नाव आहे. गळ्यातल्या आयकार्डावर मोठ्या कंपनीचा लोगो असतो, घरचे सगळ्यांना तेच नाव सांगतात, आणि पासबुकात भोसरीतल्या कुठल्यातरी मॅनपॉवर एजन्सीचं नाव असतं. पीएफ भरलाच जात नसेल तर मग अनुभव कागदावर शून्य. अनुभवाचं पत्र सोडतानाच मागायचं असं नाही, दरवर्षी मागून ठेव. आणि काय काम करतोस ते तू लिहिलं नाहीस, नुसतं 'प्रॉडक्शनला' म्हणजे लाइनवर उभं राहून पार्ट मोजायचं असेल तर दोन वर्षांनीही पगार १८ च होईल. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) प्रोग्रामिंग, सीएमएम (पार्टची मापं तपासायचं मशीन), टूल डिझाइन यातलं एक हातात घे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये असे कोर्स चालतात, सरकारी संस्था आहे. मात्र त्यासाठी आणखी लोन काढू नकोस, प्लीज.

प्रश्न : मुलाला सीईटीत कमी पडले. एका कॉलेजात मॅनेजमेंट सीट मिळतेय, ते म्हणतात हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट आहे, हायेस्ट पॅकेज ४० लाख. माहितीपत्रकात फोटोपण आहेत मुलांचे. डोनेशन वेगळं कॅशमध्ये मागतायत. घ्यावी का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, हायेस्ट पॅकेज हा एका मुलाचा पगार असतो आणि तो मुलगा तुमचा नसण्याचीच शक्यता जास्त. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्या मुलाला किती मिळाले हे विचारा, त्याला मीडियन म्हणतात. हा आकडा लपून राहत नाही. जी कॉलेजं केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगसाठी माहिती पाठवतात त्यांना ती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते, त्यात किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन सॅलरी किती हे वर्षानुसार असतं. मुलालाच शोधायला लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. ते सापडलंच नाही तर तेही एक उत्तरच आहे. हंड्रेड पर्सेंट म्हणजे पण कशाचे, तर 'एलिजिबल' मुलांचे, आणि एलिजिबल म्हणजे दहावी-बारावी-डिग्री सगळीकडे साठ टक्के आणि एकही बॅकलॉग नसलेले. म्हणजे गाळून उरलेल्यांतले शंभर टक्के.

मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसला येऊन घाऊक भरती करतात तिथे फ्रेशरला कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच पॅकेज मिळतंय, म्हणजे हातात २५ हजारांच्या आतबाहेर. तुमचा चार वर्षांचा एकूण खर्च काढा आणि या २५ हजारांशेजारी ठेवून बघा.

डोनेशनचं तर सरळ आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. कॅशची पावती मिळणार नाही, पावती नाही म्हणजे त्यावर लोन नाही, आणि अॅडमिशन रद्द केली तर परतही नाही. मॅनेजमेंट सीटला महाडीबीटीची स्कॉलरशिपही नसते. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. कॅपमधून जरा लांबच्या गावचं कॉलेज मिळत असेल तर ते बघा किंवा डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येता येतं. चार लोक काय म्हणतील हा तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी छापला नाही.

प्रश्न : काका, एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. ते दोन वर्षांचा बॉण्ड, ओरिजिनल मार्कशीट जमा आणि १५ हजार ट्रेनिंग डिपॉझिट मागतायत. सोमवारपर्यंत भरायचेत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : १५ हजार भरू नकोस. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही, आणि सोमवारची घाई कशाला तर तू कोणाला विचारू नयेस म्हणून. ओरिजिनल मार्कशीट पण द्यायच्या नाहीत, दाखवायच्या आणि झेरॉक्स सही करून द्यायची. बॉण्डचं मात्र लोक सरसकट सांगतात की बेकायदेशीर असतो, तसं नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांचा बॉण्ड आणि दोन लाखांची रक्कम वैध ठरवली. त्यामुळे सही करण्याआधी रक्कम किती, कुठल्या दिवसापासून मोजणार, आणि कंपनीने काढलं तरी भरावे लागतात का, हे वाच. तू ऑफर लेटरचा फोटो पाठवलास त्यात कंपनीचा पत्ता म्हणून नुसता पिनकोड आणि एक जीमेल आहे. मी तरी सोमवारी झोप काढली असती.

प्रश्न : मी चिपळूणची, बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. चार वर्षं पुण्यात एमपीएससी करतेय, दोनदा प्री निघाली पण मेन्स नाही. दादा महिन्याला ९ हजार पाठवतो, त्याचं लग्न माझ्यामुळे थांबलंय असं घरात बोललं जातं. सोडू का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : अगं, दोनदा प्री काढलेल्या मुलीला मी सोड असं म्हणणार नाही आणि अजून चार वर्षं बस असंही म्हणणार नाही. पण एवढं म्हणतो की दादाचे पैसे आता थांबव. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडे एमपीएससीसाठी विद्यावेतनासकट कोचिंग असतं, तुझ्या प्रवर्गाप्रमाणे जे लागू असेल ते बघ, त्यांची निवड परीक्षा तुला जड जाणार नाही.

आणि दुसरं, तू चिपळूणची आणि तुझ्या घरापासून तासाभराच्या आत लोटे परशुरामची केमिकल एमआयडीसी आहे. बीएस्सी केमिस्ट्रीला तिथे क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या, लॅबमध्ये घेतात आणि मुलींना लॅबमध्ये घेतातच. अडचण अशी होईल की चार वर्षांची गॅप विचारतील आणि एचपीएलसी (रसायनं तपासायचं मशीन) चालवता येतं का विचारतील. पहिल्याला खरं सांग, एमपीएससी करत होते, कोकणात ते सगळ्यांना कळतं. दुसऱ्यासाठी अप्रेंटिसशिप घे. पदवीधर अप्रेंटिसला महिन्याला किमान ९ हजार स्टायपेंड २०१९ च्या नियमांतच ठरला होता, म्हणजे निदान दादा पाठवतो तेवढे, आणि घरी राहून. वर्षभरात मशीन हाताला बसतं आणि सर्टिफिकेट मिळतं.

जनरल शिफ्ट माग. सुटी झाल्यावर संध्याकाळी मेन्सचे दोन तास होतात, होत नाहीत असं नाही, मी बँकेच्या प्रमोशनच्या परीक्षा तशाच दिल्यात, दोनदा नापास होऊन. पुढच्या जाहिरातीची तारीख लागली की दोन महिन्यांची रजा किंवा राजीनामा, ते तेव्हा ठरव. आणि दादाला लग्नाचं तू स्वतः फोन करून विचार, घरात काय बोललं जातं त्यावरून नको. मला वाटतं त्याचं उत्तर वेगळं निघेल.